मिशावाल्या माशाच्या वाटचा रोट

मी बोलतोय खरा, पण कोण बोलतंय ते मला विचारू नका. ते ठरवता ठरवता जळगावातलं एक अख्खं घर थकलं, आणि मी त्यांच्याहून थकलो. मी मासा आहे. रंग काळपट, अंगावर खवलं नाहीत, तोंडाभोवती लांब मिशा. याच्यापुढे माझ्याबद्दल कुणालाच काही माहीत नाही.

जन्म कुठला, आठवत नाही. गढूळ पाणी आठवतं, मग जाळं, मग फुगवलेली पिशवी. प्रेमराजच्या दुकानात रंगीत माशांच्या घोळक्यात मी चुकूनच आलो. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि समोरच्या बाईंना सांगून टाकलं, "सकर आहे, वहिनी. काच चाटून लख्ख करतो. शेवाळाशिवाय तोंडात काही घेत नाही."

मी उभ्या आयुष्यात काच चाटलेली नाही.

पण समोर होत्या कोकिळाबाई. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळं मनापासून करणाऱ्या. शेवाळावर राहणारा जीव म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला, की मलाच वाटलं, असेन बुवा मी तसा.

त्यांच्या दिवाणखान्यात काचेच्या टाकीत गप्पी मासे होते. मी दिवसभर दगडाखाली पडून राहायचो, कारण मला उजेड सोसत नाही. कोकिळाबाई लेकीला म्हणायच्या, "रत्ना, बघ गं, याचाही उपास दिसतोय." एकादशीला त्यांनी भिजवलेला साबुदाणा टाकीत सोडला. पाणी दुधासारखं झालं आणि आम्हा सगळ्यांचा श्वास कोंडला. प्रेमापुढे काय बोलणार?

मग एक गप्पी दिसेनासा झाला. चार दिवसांनी दुसरा. होय, मीच खाल्ले. मासा आहे मी. तोंडात मावेल ते खातो. कुणी सरळ विचारलं असतं, तर सरळ सांगितलं असतं. पण या घरात सगळे एकमेकांनाच विचारत बसले.

त्यात श्रावण आला. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते, ती याच दिवाणखान्यात. नरडाण्याहून सासूबाई आल्या, ताईबाई. त्यांनी चष्मा पुसून टाकीत बघितलं. माझ्या तोंडातून गप्पीचं शेपूट बाहेर डोकावत होतं. वेळ वाईट, दुसरं काय.

"कोकिळा, हाऊ तं मासखाऊ शे," त्या म्हणाल्या. "कानबाईना म्होरे नको माले. तलावमा सोडी ये त्याले."

"आई, दुकानदार शेवाळ खातो म्हणाला होता."

"दुकानदार काय, मालेबी पंचवीसनी शे म्हनी."

रत्ना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती कळवळून म्हणाली, "आजी, हा परदेशी असला तर तलावातले मासे संपवेल. इथला असला तरच सोडता येईल. आधी ओळख तर पटू दे."

मग सुरू झाली माझी ओळखपरेड. रत्नाच्या मोबाइलने मला एकदा एका देशाचा ठरवलं, फोटो किंचित वाकडा आला तर दुसऱ्या देशाचा. तिचे बाबा, युवराजभाऊ, काचेला नाक लावून मिशा मोजायचे. "सहा." "बाबा, आठ आहेत." "मग तो हलत का राहतो?" मी काय फोटोसाठी मुंडावळ्या बांधून बसू? शेजारचे सुपडूनाना आले, म्हणाले, "मांगूर असेल," आणि चहा पिऊन गेले. कोकिळाबाई तेवढ्या रोज हात जोडायच्या, "कानबाई माते, शाकाहारी निघू दे गं याला. तुझी खणानारळाने ओटी भरीन." त्यांचा नवस ऐकून मला माझ्या पोटाची लाज वाटायची.

शेवटी रत्नाने कॉलेजातल्या देवचंद सरांना फोटो पाठवले. सर फोनवर म्हणाले, "आपल्याकडच्या नदीतला असावा, पण अशा दिसणाऱ्या चार-पाच जाती आहेत. नक्की नाव हवं तर बाटलीत घालून तपासावा लागेल. बुधवारी माणूस पाठवतो."

"बाटलीत म्हणजे जिवंत?" कोकिळाबाईंनी विचारलं.

रत्नाने नकारार्थी मान हलवली. म्हणजे बघा, नाव कळेल, पण हाक मारायला मी नसेन.

तलाव की बाटली, यावर एकमत होईना. रविवारी मला बादलीत घालून मागच्या ओट्यावर ठेवलं आणि पुढे कानबाई बसली. गाण्यांचा आवाज येत होता. कोकिळाबाई मध्येच येऊन बादलीत बघून गेल्या. डोळे पुसून पुन्हा पुढे सासूजवळ जाऊन बसल्या. सासूसमोर त्या कधीच फार बोलत नाहीत.

आता या घरची रीत ऐका. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, फक्त घरच्यांनी खायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात, त्याचेच रोट. पाहुण्याला द्यायचे नाहीत, घराबाहेर न्यायचे नाहीत. खाऊन धुतलेल्या हाताचं पाणीसुद्धा वाटेल तिथे टाकत नाहीत. त्यासाठी वेगळी बादली. ती बादली माझ्याच बादलीशेजारी होती.

सोमवारी जेवून ताईबाई ओट्यावर आल्या. चष्मा आत राहिलेला. त्यांनी हात धुतले, ते माझ्या बादलीत.

बोटांना चिकटलेला रोटाचा तुकडा सुटून खाली आला. दोन दिवसांचा उपाशी मी, आणि हा उपास खरा होता. झडप घातली. मिशा त्यांच्या बोटांना लागल्या असाव्यात.

"आय वं, आठे कोन शे?"

सगळे धावत आले. रत्नाने बादलीत वाकून बघितलं. "आजी, त्याने रोट खाल्ला."

सगळे ताईबाईंकडे बघत होते. ताईबाई हाताकडे बघत होत्या.

"आते काय करशात?" त्या पुटपुटल्या. "रोट खाधा त्यानी. घरनाच व्हयना मंग. घरना मानूसले कोनी बाटलीमा घालस का?"

"आई, पण तो मासखाऊ..." युवराजभाऊ चाचरले.

"तू धाब्यावर काय खास, ते माले म्हाईत नही का?"

त्यावर युवराजभाऊंनी बादलीत फार बारकाईने बघायला सुरुवात केली. मिशा मोजत असावेत.

बुधवारी सरांचा माणूस आला. कोकिळाबाईंनी त्याला चहा दिला आणि सासूसमोर स्पष्ट म्हणाल्या, "सरांना सांगा, नाव राहू द्या. मासा घरचा आहे."

आता मी पुन्हा दिवाणखान्यात आहे. उरलेले गप्पी सुपडूनानांकडे गेले. रत्ना मला गांडुळं आणून देते, ती आणते तेव्हा कोकिळाबाई देवघरात असतात. माझं नाव अजून कुणाला ठाऊक नाही. ओटी मात्र भरली. कोकिळाबाईंच्या मते नवस फळला, फक्त देवी आपल्या पद्धतीने पावली.

जाताना ताईबाई सुनेला बजावून गेल्या, पुढच्या वर्षी गहू मोजशील तेव्हा सव्वा मूठ जास्त घे. माझी एवढीच विनवणी आहे, ती मूठ घेताना पुन्हा माझ्या मिशा मोजायला बसू नका.