चाळिसावी फेरी

“ह्यांचे आकडे चाळिसाव्या फेरीत स्थिर झाले, आणि तुमचे सत्तराव्या फेरीतही हलताहेत! पंख तोच, सूत्र तेच. मग चूक कोणाची, प्रेमाबाई?”

डॉक्टर रत्नाकर पुण्याचे, एरवी आवाज न चढवणारे. आज तो चढला होता. प्रेमा मान खाली घालून उभी होती, आणि पलीकडच्या टेबलाशी हयवदनराव आपल्या हातानं फिरवायच्या गणनयंत्राचा दांडा उगाचच फडक्याने पुसत बसले होते.

बंगळुरातल्या त्या विमानसंशोधन संस्थेत, चौसष्ट साली, पंखावरून वाहणाऱ्या हवेचं गणित माणसंच करत. कागदावर चौकटी आखायच्या, प्रत्येक चौकटीतला वेग शेजारच्या चौकटींवरून काढायचा, कागद भरला की पुन्हा पहिल्यापासून. आकडे बदलायचे थांबले की हवा स्थिरावली. याला दीडशे फेऱ्या लागत, म्हणजे तीन-चार महिने. रत्नाकरांनी लवकर पोचणारी नवी रीत काढली होती, आणि हयवदनरावांच्या कागदांनी ती चाळीस फेऱ्यांत खरी करून दाखवली होती. तीच रीत, पंखाचा कोन जरासा बदलून, प्रेमाकडे दिली होती.

फक्त शेवटच्या दोन फेऱ्या हयवदनरावांनी केल्याच नव्हत्या.

त्या शनिवारी मेव्हण्याची गाडी यशवंतपूर स्टेशनला यायची होती. आकडे दशांशाच्या चौथ्या घरात काय ते हलत होते. एकवीस वर्षं दांडा फिरवलेला माणूस. आकडे कुठं थांबणार हे आपल्याला नुसत्या नजरेनं कळतं, असा त्यांचा तोरा. त्यांनी अडतिसाव्या फेरीचे आकडे दोनदा उतरवले आणि बस गाठली. फेरीला नखभर सरकणारा आकडा पन्नास फेऱ्यांत वीतभर जातो, हे नव्या मुलींना तेच शिकवत.

“पुढच्या महिन्यापासून तुमची गरज नाही,” रत्नाकर म्हणाले आणि निघून गेले. प्रेमाची नोकरी हंगामी होती. तेवढं वाक्य पुरे होतं.

हयवदनरावांनी घसा खाकरला. “प्रेमा, स्वल्प चहा तरी घे.”

“नको अण्णा. सरी, ठीक आहे.”

तिनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. त्या ‘अण्णा’नं हयवदनरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले आणि थेट रत्नाकरांच्या खोलीत गेले.

“साहेब, माझ्या शेवटच्या दोन फेऱ्या खोट्या आहेत. मागचेच आकडे उतरवले मी.”

रत्नाकरांनी चष्मा काढला. “हयवदनराव, परवाच पेपर पाठवलाय मी. चाळीस म्हणून!” मग त्यांनी प्रेमाला बोलावलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. दचकली नाही. बाहेर जाऊन एक जाड गठ्ठा घेऊन आली. हयवदनरावांचंच गणित, एकोणचाळिसाव्या फेरीपासून पुढं, तिच्या अक्षरात. रोज जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी सगळे गेल्यावर आणि रविवारी येऊन केलेलं.

“त्र्याण्णवला थांबतंय साहेब. तुमची रीत चुकीची नाही.”

“हे तुमच्याकडे होतं, आणि तरी माझी बोलणी ऐकून घेतलीत?”

“दांडा धरायला अण्णांनीच शिकवलं मला. त्यांचं मी कसं सांगू?”

तिनं चारचौघांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं हयवदनरावांना वाटलं. शिव्या खाता आल्या असत्या. ही माया कशी खायची? त्यांना मान वर करवेना.

प्रेमाची नोकरी राहिली. रत्नाकरांनी नवा आकडा घालून दुरुस्तीचं पत्र धाडलं. आणि हयवदनरावांना एवढंच सांगितलं, “यापुढं तुमचे कागद प्रेमाबाई तपासतील.” एकवीस वर्षांत त्यांच्या कागदावर दुसऱ्या कुणाची सही लागली नव्हती.

सोमवारी पहिला कागद भरल्यावर त्यांनी तो शिपायाकडे दिला नाही. स्वतः तिच्या टेबलापाशी नेला. प्रेमा गडबडून उठली, खुर्ची पुढं सरकवली.

“बसा की अण्णा.”

“तू बस. तपास.”

ती बसली. पहिल्या चौकटीपासून तिनं दांडा फिरवायला घेतला. शेवटची चौकट होईपर्यंत हयवदनराव उभेच होते.