माझ्या पाठीमागची खुर्ची

हसू नका, पण मी एक स्पीकर बोलतोय. स्पीकर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लगेच एक काळी पेटी आली असेल. तसला मी नव्हे. मी दाराएवढा उंच आणि जेमतेम दोन बोटं जाड. अंगावर राखाडी कापड. नवख्या माणसाला मी कपडे बदलायचा आडोसाच वाटतो. एका पाहुण्याने तर आल्या आल्या माझ्यावर ओला टॉवेल टाकला होता. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

माझ्या आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पातळ पडदा ताणून बसवलाय. त्यावर बारीक तार चिकटवली आहे आणि समोर लोहचुंबकांच्या पट्ट्या आहेत. तारेतून वीज खेळली की पडदा थरथरतो, आणि ते थरथरणं म्हणजेच माझा आवाज. कारखान्यात ज्या बाईने मला ताणलं, ती काम झालं की पडद्यावर हलकी फुंकर घालायची आणि कान लावून ऐकायची. माझी पहिली आठवण त्या फुंकरीची आहे. अजूनही बंद असलो की मी त्याच फुंकरीच्या गुंगीत असतो.

पेटी नसल्यामुळे माझा आवाज जितका पुढे जातो, तितकाच मागेही जातो. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडलं ते त्याच्यामुळेच.

मला आणि माझ्या जुळ्या भावाला एका चष्मेवाल्यांनी घेतलं. खाली त्यांचं दुकान, वर घर. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावून हा माणूस संध्याकाळी गाणं ऐकायला बसायचा. आम्हाला विकणाऱ्या दुकानदाराने त्यांना बजावलं होतं, "हे दिसायला पातळ आहेत साहेब, पण यांची भूक दांडगी. अ‍ॅम्प्लिफायर तोलामोलाचा लागेल. आणि भिंतीला अजिबात चिकटवू नका."

"अ‍ॅम्प्लिफायर आहे घरी," चष्मेवाले ऐटीत म्हणाले. "मेहुण्याने स्वतःच्या हाताने केलाय."

घरात लांबलचक खोली होती. आम्हाला भिंतीपासून लांब ठेवायचं, म्हणून खोलीच्या बरोबर मध्यावर उभं केलं. आमच्या पुढे चष्मेवाल्यांची आरामखुर्ची. आमच्या मागे, खिडकीशी, त्यांच्या बायकोचं शिलाई मशीन आणि तिची लाकडी खुर्ची. गल्लीत सगळे तिला काकू म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

मेहुण्याचा अ‍ॅम्प्लिफायर मला बघताक्षणी आवडला. छोटासा पत्र्याचा डबा, वर काचेचे चार व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले. चालू केला की ते हळूहळू तांबूस व्हायचे आणि खोलीत गरम धुळीचा वास दरवळायचा. काकूंचा दादा तो. नुकताच वारला होता. काकू रोज सकाळी शिलाईच्या मऊ चिंधीने ते व्हॉल्व्ह पुसायच्या.

पण खरं सांगायचं तर बिचाऱ्याला मी पेलवेना. गळा गोड, पण छातीत जोर नाही. हळू लावलं तर मी नुसता कुजबुजायचो आणि मोठं केलं की त्याचा आवाज फाटायचा. चष्मेवाले बटण पिळत बसले. बटण पिळून जोर येत असता तर आणखी काय हवं होतं! शेवटी एका संध्याकाळी ते वैतागले.

"याच्यात दमच नाही! तुझ्या दादाने काय करून ठेवलंय कुणास ठाऊक. नुसतं खेळणं आहे हे."

मागे मशीन थांबलं. काकू म्हणाल्या, "खेळणं?"

एवढंच. आणि घरात अबोला सुरू झाला.

अबोला म्हणजे काय ते मी त्या दिवसांत शिकलो. दोघांच्या मधोमध मीच उभा ना! "आईला सांग, दुकानाची किल्ली दे." "बाबांना सांग, खुंटीवर आहे." त्यांची मुलगी नोकरीवरून दमून यायची आणि आल्या आल्या हे सुरू. एकदा ती वैतागून म्हणाली, "मी काय या घरचं टपालखातं आहे का? एकाच खोलीत बसता आणि निरोप कसले धाडता?" काकूंनी मशीन चालू केलं, चष्मेवाल्यांनी गाणं मोठं केलं. ऐकायला मात्र दोघांना छान येत होतं.

इकडे चष्मेवाल्यांनी अ‍ॅम्प्लिफायर शोधायचा सपाटा लावला. एक आणला, त्याला दिवेच दिवे. खोक्यावर आकडे तर काय विचारता! पण गाणं जरा रंगात आलं की आतून खट् आवाज यायचा आणि स्वारी बंद. मी जेवढी वीज मागायचो तेवढी द्यायची त्याची ऐपतच नव्हती. तो परत गेला. मग दुकानदार म्हणाला, "साहेब, आकडे सोडा. उचलून बघा. जो उचलताना कंबर धरेल, तो घ्या." मग आला तो काळा, दोन माणसांनी जिना चढवलेला ठोकळा. दिवा एकच. त्याने पहिल्यांदा वीज सोडली आणि मी नखशिखान्त जागा झालो. अहाहा! जन्मात पहिल्यांदा मी पोटभर वाजलो.

तरी काहीतरी चुकत होतं. सगळं स्वच्छ, ठणठणीत, पण कोरडं. चष्मेवाले डोळे मिटून बसायचे आणि मध्येच उघडायचे. त्यांनाही ते जाणवत असणार. बोलणार कुणाशी?

आणि मग ठरलं, की दादाचा डबा दुकानदाराला द्यायचा. त्याला जुन्या व्हॉल्व्हची हौस होती आणि उद्या दुपारी तो घ्यायला येणार होता. चष्मेवाल्यांनी हे मुलीला सांगितलं, पण जरा मोठ्यानेच, म्हणजे मागे ऐकू जावं. मागे मशीन तेवढं जोरात चालू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात उतरले. ऊन खिडकीतून माझ्या पाठीवर पडलं होतं. मी बंद होतो, अर्धवट गुंगीत. तेवढ्यात पाठीशी ऊब जाणवली आणि पडदा आपोआप थरथरला. आधी मला कारखान्यातली ती बाईच आठवली. पण त्या काकू होत्या. डबा मांडीवर घेऊन, माझ्या अगदी जवळ बसून बोलत होत्या.

"दादा, नेतायत रे तुला. एक शब्द बोलले ना मी, तर राहशील तू. पण आधी मीच का बोलायचं?"

त्यांचा हुंदका माझ्या पडद्यावरून गेला. लोकांचे आवाज पोचवण्यात माझा जन्म गेला, पण तो एक आवाज मला खाली दुकानात पोचवता आला नाही. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

दुपारी चष्मेवाले वर आले. हातात डबा गुंडाळायला जुनी चादर. बघतात तो डबा जागेवर नाही. आम्हाला वळसा घालून काकू पुढे आल्या. डबा छातीशी धरलेला.

"अहो," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांच्या हातातली चादर खाली पडली. त्यांनी ती उचललीसुद्धा नाही.

काकूंनी डबा टेबलावर उलटा फिरवला. मागच्या बाजूला एक भोक शिलाईच्या पट्टीने बुजवलेलं होतं. त्यांनी नखाने पट्टी काढली. "ही मीच चिकटवली होती. दादा तारा जोडून डाग द्यायचा तेव्हा उजेडाला बॅटरी मीच धरायचे. मी विचारलं, हे भोक कशाला? म्हणाला, माझा डबा अशक्त आहे गं. पुढे कधी मोठा गडी मिळाला, तर इथून आवाज त्याच्याकडे द्यायचा. गोडवा माझा राहील आणि ओझं तो उचलेल."

चष्मेवाल्यांनी वाकून त्या भोकात निरखून बघितलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे काच त्याची आणि फ्रेम याची."

"तुमच्या भाषेत तसं."

त्यांनी वायर जोडली. व्हॉल्व्ह तांबूस झाले. दादाच्या डब्यातून निघालेलं गाणं त्या काळ्या ठोकळ्यात शिरलं आणि तिथून माझ्यात आलं. काय सांगू! तोच जोर, पण आता त्यात ओल होती. गाणारी बाई श्वास घ्यायची तोही ऐकू येत होता. जिन्यात दुकानदाराची पावलं वाजली आणि दारातच थबकली.

"डबा मिळणार नाही," चष्मेवाले म्हणाले. दुकानदार ऐकतच उभा राहिला. मग मान हलवून आल्या पावली परत गेला.

काकू आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

"अगं, पुढे ये ना. इथे नीट ऐकू येतं."

"मला इथूनच बरं वाटतं. रोज इथेच तर ऐकते मी."

"रोज?" चष्मेवाले चपापले. माझ्यामागे कुणी ऐकत असेल, हे इतक्या दिवसांत त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ते म्हणाले, "खेळणं म्हणालो मी त्याला."

"म्हणालात."

"चुकलं माझं. फार चुकलं."

मग चष्मेवाल्यांनी आरामखुर्ची उचलली, धडपडत, मला धक्का मारत मागे नेली आणि काकूंच्या खुर्चीशेजारी टेकवली.

आज या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझा पडदा एका कडेला सैल झालाय. खालचा सूर लागला की मी थोडा घरघरतो. डब्याचे व्हॉल्व्ह दोनदा बदलले, पण ठोकळा तसाच ठणठणीत आहे. परवा जावई आले होते. म्हणाले, "ही धुडं भिंतीला टेकवली तर केवढी जागा मोकळी होईल!" पण मुलगीच म्हणाली, "नको. मागे आई-बाबा बसतात."

आता गाणं संपलं, तरी ती दोघं लगेच उठत नाहीत. काहीबाही बोलत बसतात. कुणाचा चष्मा, कुणाचं झबलं, दादाच्या जुन्या खोड्या. त्यांच्या बोलण्याने माझा सैल पडदा हलकेच थरथरतो. माझ्या पुढे कुणीच नसतं. म्हणून एवढंच मागणं आहे. मी कुणाच्याही घरी गेलो, तरी मला भिंतीला टेकवू नका. पाठीमागे एका खुर्चीपुरती जागा सोडा. जमलं तर दोन खुर्च्यांपुरती.