न विसळलेली बाटली

मुकादमाने लोखंडी आकडा दोन्ही हातांनी ओढला आणि गटाराच्या तोंडात अडकलेला गोळा एकदाचा बाहेर आला. उशीएवढा होता. राखाडी-पिवळट, वरून गुळगुळीत, आणि पोटात केस, चिंध्या, बटाट्याची सालं धरून बसलेला. रस्त्यावर आपटला तरी फुटला नाही, नुसता बसका झाला. वास मात्र गल्लीभर पसरला. आठवडाभर एकाच कढईत उकळलेल्या तेलाचा वास, आणि त्याच्या खालून मैल्याचा.

तिने ओढणी नाकाशी धरली. नगरपालिकेच्या सांडपाणी विभागात निरीक्षक म्हणून तिने नऊ वर्षं काढली होती, पण ती सगळी काचेच्या बाटल्यांत गेली होती. कारखान्यात जायचं, ते गटारात सोडतात त्या पाण्याची एक बाटली भरायची, चिठ्ठी चिकटवून प्रयोगशाळेत धाडायची. पाणी नियमात बसलं तर परवाना चालू, नाही बसलं तर बंद. मुकादमाची माणसं तिला पाठीमागे बाटलीबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं.

"हा या महिन्यातला तिसरा," मुकादम आकडा पुसत म्हणाला. "तुमच्या कागदावर पाणी स्वच्छ. मग हे काय मी घरी तळतो, मॅडम?"

गल्लीच्या एका बाजूला वेफर्सच्या कारखान्याची लांबलचक भिंत होती आणि दुसऱ्या बाजूला बैठी घरं. त्यांतलं चौथं घर तिच्या ताईचं.

ताई न्हाणीघरात उकिडवी बसून फरशी घासत होती. सकाळी मोरीच्या जाळीतून वर आलेलं पाणी ओसरलं होतं, पण जाताना भिंतीवर घोट्याएवढ्या उंचीवर मळकट रेघ सोडून गेलं होतं. त्या रेघेवरून बोट नुसतं घसरायचं. ताईने साबण बदलला होता, ब्रश बदलला होता, उकळतं पाणी ओतून पाहिलं होतं. तिच्या हातांची सालटी निघाली, रेघ काही हलली नाही.

"शुक्रवारी ह्यांना सोडतायत," ताई मान वर न करता म्हणाली. "पायाची जखम अजून ओली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, घरात असलं पाणी येत असेल तर पेशंटला नेऊ नका. नेऊ नका म्हणजे ठेवू कुठे? तुझ्या कपाटात?"

"दाजींना माझ्याकडे आण."

"तिसऱ्या मजल्यावर? पाय धड टेकवत नाही तो माणूस." ब्रश बादलीत बुडवून ताई थांबली. "एक विचारू? तुम्ही तपासायला जाता ते त्यांना आधी कळतं का गं?"

"कळवावं लागतं. फोन करून वेळ घ्यायची. नियमच आहे तसा."

"कुठला नियम?"

कलमाचा आकडा सांगायला तिने तोंड उघडलं आणि तो तिला आठवेना. नऊ वर्षांत तो कुणी विचारलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या गेल्या तिने सांडपाण्याची नियमावली शोधून काढली. फायलींच्या तळाशी होती, पानं एकमेकांना चिकटलेली. सतराव्या कलमात लिहिलं होतं की निरीक्षकाला कोणत्याही वाजवी वेळी, पूर्वसूचना न देता, नमुना घेता येईल. तिने ते तीनदा वाचलं. मग पुढची मागची सगळी पानं चाळली. फोनचा उल्लेख कुठेच नव्हता.

फोन सरांनी शिकवला होता. सर म्हणजे तिचे पहिले वरिष्ठ. बाटली कशी धरायची, कुठलं पाणी कुठल्या बाटलीत घ्यायचं, चिठ्ठी कशी लावायची, सगळं त्यांनीच शिकवलं. चिठ्ठी तिरकी लागली तर समजायचं की माणसाचं कामात लक्ष नव्हतं, असं ते म्हणत. आणि आधी फोन करावा, आपण सभ्य माणसं, चोरासारखं जाऊ नये, असंही म्हणत. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात वेफर्सच्या कारखान्यात सांडपाण्याचे सल्लागार म्हणून बसले. तेव्हापासून ती फोन त्यांनाच करत आली होती. गेलं की पुढच्या दाराने आत नेत, चहा येई, आतल्या टाकीपाशी बाटली भरून होई. तिला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

आता तिला किळस आली, त्या गोळ्याची आली होती त्याहून जास्त. तो चहा, ती सभ्यता, ती गेली की त्यांचं 'ये, बस' म्हणणं. ताईला तिने दोनदा तोंडावर सांगितलं होतं की कारखान्याचं पाणी ठीक आहे, तुमच्या गल्लीतच कुणीतरी काहीतरी टाकतंय. टाळूला तेलाचं पुट चढल्यासारखं वाटलं. तिने उठून दोनदा चूळ भरली.

कपाटाच्या आतल्या खिळ्यावर किल्ल्यांचा जुडगा लटकत होता. एकीला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती: वेफर्स, मागचं चेंबर. कारखान्याचं पाणी भिंतीबाहेर पडून गावच्या गटाराला मिळतं ती जागा. किल्ली पालिकेकडे असायलाच हवी म्हणून होती. कुणी वापरलेली दिसत नव्हती.

बुधवारी सकाळी साडेदहाला ती आणि मुकादम कारखान्यामागे, ताईच्याच गल्लीत उभे होते. कुलूप गंजलं होतं. मुकादमाने खिशातून छोटी बाटली काढून दोन थेंब सोडले.

"तेलाला काय तोटा आहे इथे," तो म्हणाला.

झाकण उचललं आणि अर्धा जन्म गटारात घालवलेल्या मुकादमानेही तोंड फिरवलं. पाणी वाहत नव्हतं, लोळत होतं. तपकिरी, जाडसर, वर पिवळा फेस, आणि फेसात सायीसारखे गठ्ठे एकमेकांना चिकटत पुढे सरकत होते. गरम वाफ तिच्या चेहऱ्यावर आली, चष्म्यावर बसली. चष्मा पुसला तर काच आणखीच धुरकट झाली.

हातमोजे घालून ती गुडघ्यांवर बसली. इतर तपासण्यांची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घेतात. तेलाची मात्र विसळायची नसते, कारण तेल काचेला धरून राहतं आणि हिशेब चुकतो. बादलीतून ओतायचीही नसते. तिने कोरडी बाटली सरळ धारेखाली धरली, भरली, बूच घट्ट लावलं आणि वेळ लिहून घेतली, दहा चाळीस.

मग एक हातमोजा काढून तिने फोन लावला.

"सर, आज येऊ का तुमच्याकडे? अकरापर्यंत?"

"ये की! विचारतेस काय? दाजी कसे आहेत?"

"शुक्रवारी सोडतायत."

"वा, छान झालं. ये, चहा टाकायला सांगतो."

फोन ठेवून ती थांबली. मुकादम एकदा घड्याळाकडे बघे, एकदा चेंबरकडे. भिंतीपलीकडे व्हॉल्व्हचं लोखंडी चाक फिरवल्याची किरकिर ऐकू आली. धार बारीक झाली, मग नुसती ठिबकू लागली. आणि मग पाणी आलं, थंड, भरपूर आणि इतकं नितळ की तळाची वीट दिसावी.

"चहा टाकला वाटतं," मुकादम म्हणाला.

दुसरी बाटली तिने त्या पाण्याने भरली. दहा बावन्न. मोहोर लावण्याआधी कारखान्याच्या माणसाची सही लागते, हे मात्र खरोखरच नियमात होतं. तिने पुन्हा फोन केला.

"सर, मी मागच्या गल्लीत आहे. सहीला येता?"

पलीकडून फोन बंद झाला.

पाचेक मिनिटांनी सर भिंतीला वळसा घालून आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीला चष्मा, तसेच. उघडं झाकण त्यांनी पाहिलं, मग जमिनीवरच्या बाटल्या. एक पिण्याच्या पाण्यासारखी, दुसरीत वर बोटभर पिवळा थर.

"पहिला फोन कुठून केलास?"

"इथूनच."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. नियम त्यांना तिच्यापेक्षा जास्त पाठ होते. नमुना घेण्यात एक चूक सापडली की बाटली बाद, आणि शुक्रवारी दाजी येणार कुठे?

"विसळलीस?"

"नाही. तेलाची विसळायची नसते."

"बादली वापरलीस?"

"धारेखाली धरली."

"वेळ?"

तिने वही पुढे केली. त्यांनी दोन्ही आकडे वाचले, वही परत दिली. एवढंच.

तिने चिठ्ठी काढली. पहिल्या बाटलीची काच बाहेरूनही ओशट झाली होती. चिठ्ठी घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा लागली ती तिरकी.

"दे इकडे," सर म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी सोलून काढली. खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढला आणि बाटली पुसली, गळ्यापासून बुडापर्यंत, गोल फिरवत. काच कोरडी झाल्याची बोटाने खात्री केली. नवी चिठ्ठी घेऊन सरळ लावली, अंगठ्याने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाबली. त्यावर पूर्ण सही केली, खाली वेळ घातली. मग दुसऱ्या बाटलीवरही. तिच्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

रुमाल हातात राहिला. त्याला पिवळी साय लागली होती आणि वास सुटला होता. सरांनी तो दोन बोटांच्या चिमटीत अंगापासून लांब धरला. ओठ आवळले, नाक आक्रसलं, तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. नऊ वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर शिसारी तिने पहिल्यांदाच पाहिली.

मुकादमाने उघड्या चेंबरकडे बोट केलं. "टाका साहेब. त्यातच टाका."

सर खाली बघत राहिले. समोर ताईच्या घरातून फरशीवर ब्रश घासल्याचा आवाज येत होता, थांबून थांबून.

"नको," ते म्हणाले. "तुंबेल."

त्यांनी रुमालाची नीट घडी घातली आणि ती शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. डाग लगेच कापडावर उमटला.