हिरव्या कण्या

नरडाण्याजवळच्या त्या गावात शेळ्या पाळा, कोंबड्या पाळा, कुणी चकार शब्द काढत नाही. पण दिपमालानं अंगणात पांढरी डुकरं आणली आणि भावकीच्या पोटात दुखू लागलं. सगळ्यांत जास्त दुखलं ते चुलत सासऱ्यांच्या, चुडामण नानांच्या. चारचौघांत त्यांनी तिला टोकलं तेव्हा ती तावातावानं बोलून गेली, की पहिल्या वेताची पिलं जगली नाहीत तर गोठा स्वतःच्या हातानं पाडीन.

आता पिलं आईच्या दुधावरून तोडली होती आणि सगळ्यांना हगवण लागली होती. दूध तुटलं की पोटं बिघडतात, हे जनावरांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यांनीच दोन पुड्या दिल्या होत्या. एक सुकवलेल्या बारीक शेवाळाची, हिरवीगार. दुसरी पोटाला मानवणाऱ्या जिवंत जिवाणूंची. दिपमाला दोन्ही कण्यांत कालवून घालत होती, तरी पिलं वाळतच चालली. नाना पारावर सांगत सुटले, की सूनबाई डुकरांना पालकाची भाजी करून वाढते. ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सासू तानुबाईनं डुकरं आल्यापासून गोठ्याकडे पाठ फिरवली होती. त्या सकाळी मात्र ती कुडापाशी येऊन उभी राहिली. दिपमाला चुलीवरून उतरवलेल्या वाफाळत्या कण्यांत पुड्या ओतत होती. या घरात कुत्र्यालाही कधी गार घास घातला नव्हता. आईपासून तोडलेल्या लेकरांना तर ती गरमच घालणार.

"तुन्ही पुडीमा जिवंत काही शे म्हने?" तानुबाईनं विचारलं.

"हां, आत्याबाई."

"मंग उकयता दूधमा इरजन टाकस का तू?"

दिपमालाचा हात जागीच थांबला. दूध कोमट झाल्याशिवाय विरजण न लावणारी बाई इतके दिवस जिवाणू शिजवून घालत होती. तिला स्वतःचा भयंकर राग आला. त्या दिवसापासून ती कण्या निवल्यावरच पुड्या कालवू लागली, डॉक्टरांनी सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणीही चालू ठेवलं. हळूहळू हगवण आटोक्यात आली आणि पिलं भांड्यात तोंड खुपसून एकमेकांना ढकलू लागली. एक किडकिडीत पिलू तेवढं वाचलं नाही. ते पुरताना तिला रडू आवरलं नाही.

नानांना तेवढंच पुरलं. दोघा पुतण्यांना घेऊन ते अंगणात आले.

"एक मरनं ना? मंग पाड गोठा. शबद दिन्हा व्हता तू."

बोलता बोलता त्यांनी तानुबाईकडे पाहिलं, सुनेला आवर म्हणून. तानुबाईनं त्यांच्याकडून तोंड फिरवलं. दिपमालानं पदर खोचला आणि गोठ्याच्या दारात उभी राहिली.

"नाना, एक मरनं, मी रडनू. पन तुमनासंगे पैज लावी, हायीच मन्ही चूक. अंगन मन्हं शे. बठ्ठा एकूनएक मरतीन तरी मी दुसरा इकत लयसू."