निळ्या फितीची पोर

पंडितकाकांनी चपला दाराबाहेर काढल्या आणि डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. संघप्रिया म्हणाली, काका, चपला चालतात इथं. त्यांनी ऐकलं नाही. समोरच्या काचेच्या कपाटात त्यांच्या गुरूची बाजाची पेटी ठेवलेली होती, आणि तिच्यापुढं चपला घालून उभं राहायला ते काही पुढारी नव्हते.

हे संग्रहालय म्हणजे बोरीतल्या समाजमंदिरामागच्या दोन खोल्या. पहिल्या खोलीत शाहीर गोपीचंदांची पेटी, कोट, चष्मा, जलशांचे फोटो. दुसऱ्या खोलीत कॅसेटी, आणि त्या ऐकायची सोय. आठवडाभरानं चौदा एप्रिलची जयंती, त्याच दिवशी उद्घाटन. सगळा कारभार शाहिरांच्या मुलीकडं, म्हणजे संघप्रियाकडं होता. ती संभाजीनगरला एका ग्रंथालयात नोकरीला होती. वडिलांच्या कामासाठी रजा टाकून गावी आली होती आणि आल्यापासून सगळ्यांशी भांडत होती.

भांडण नावांचं होतं. शाहिरांच्या गायन पार्टीत रीत अशी, की शिष्यानं गाणं रचलं तरी शेवटच्या कडव्यात नाव गुरूचं घालायचं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, उलट मान वाटे. पण त्यामुळं 'गोपीचंद म्हणे' एवढ्यावरून गाणं नक्की कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता. संघप्रियानं ठरवलं, की प्रत्येक गाण्याखाली ज्यानं रचलं त्याचंच नाव लागेल. धाकटा भाऊ सिद्धोधन चिडला. बाबांचं नाव आहे तर गाणं बाबांचंच, तू घरातलं उचलून गावात वाटायलीस का, म्हणाला. खऱ्याची भीती वाटत असेल तर संग्रहालय कशाला, पुतळा बसवा, असं तिनं त्याला सुनावलं. तो विषय तिथंच संपला.

पार्टीतले बाकीचे एकेक करून येऊन गेले होते. पंडितकाका तेवढे राहिले होते. उभा जन्म ते शाहिरांच्या मागं बसून बेंजो वाजवत आले. आज पालमहून दोन एसट्या बदलून आले होते.

आतल्या खोलीत तिनं त्यांना खुर्ची दिली, रेकॉर्डर चालू केला आणि एकेका गाण्याचं नाव घ्यायला लागली. 'हे माझं' असं म्हणणं काकांच्या तोंडात बसत नव्हतं. मात्र गाणं गुरूचं असलं की त्यांचा हात आपोआप कानाच्या पाळीला जाई. स्वतःचं असलं की हात गुडघ्यावरच राही आणि काका खिडकीतून बाहेर बघत. चार-पाच गाण्यांतच तिला ही खूण उमगली. मग तिनं विचारायचंच सोडलं. नाव घ्यायची आणि हाताकडं बघायची. काम भराभर चाललं होतं, तिला मजाही यायला लागली होती.

"शेवटचं, काका. 'निळ्या फितीची पोर.' हे बाबांचंच आहे, पण तुमच्या तोंडून असू द्या."

हे गाणं मराठवाड्यात कुणाला माहीत नाही? वेणीला निळी फीत बांधून, पाटी पोटाशी धरून शाळेला निघालेली लहानगी पोर. ती पोर म्हणजे संघप्रिया. येलदरीच्या कार्यक्रमात शाहिरांनी तिला उचलून स्टेजवर उभं केलं होतं, तेव्हापासून ती 'गाण्यातली पोरगी'च होती. सासरी तिची ओळख तशीच करून दिली गेली, ग्रंथालयातही तशीच. वडील सदा दौऱ्यावर, घरी आले की झोपलेले. हे एक गाणं तेवढं त्यांनी तिच्यासाठी केलं होतं, आणि तेवढ्यावर तिनं त्यांना सगळं माफ केलं होतं.

काकांचा हात गुडघ्यावरच राहिला.

तिला वाटलं, ऐकू आलं नसेल. तिनं नाव पुन्हा घेतलं. काका खिडकीबाहेर बघत होते.

"मशीन बंद कर, पोरी."

तिनं बंद केलं.

"माझी थोरली. अर्पिता. तुज्याच वर्गात होती. दुसरीत असताना तापानं गेली. तुला ध्यानात नसंल."

संघप्रियाला खरंच आठवत नव्हतं. आधी तिला रागच आला. एवढी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही! तिचं होतं नव्हतं ते एकच गाणं, तेही दुसऱ्या पोरीचं निघालं. मग मला स्टेजवर का उभं केलं, असं तिनं विचारलं.

काका सावकाश सांगत गेले. पोर गेल्यावर बेंजोवर त्यांची बोटं चालेनात. शाहीर म्हणाले, पंडित, हे गाणं आपण बंद करू.

"म्याच म्हनलो, बंद करू नका. तुमची पोर उभी करा. लोकाला ती शाळंला जाताना दिसू द्या."

संघप्रिया म्हणाली, गाण्याखाली तुमचंच नाव लागेल, काका. नियम म्हणजे नियम. बाबांसाठी मोडायचा असता तर मी केलाच नसता.

काकांनी मान हलवली.

"नाव लिव्हलं की लोक इचारतेत, पोरगी कुठं असती आता. मग मी काय सांगू? आजपातुर लोकानं तिला गेली म्हनलं न्हाई. लोकाच्या लेखी ती शिकली, नोकरीला लागली. तू लागलीस की."

संघप्रियानं रेकॉर्डर पिशवीत ठेवला. तिनं चहा मागवला. दोघांनी तो घेतला.

बाहेरच्या खोलीत जिंतूरहून आलेला पेंटर परमेश्वर शिडीवर चढून तेच गाणं भिंतीवर रंगवत होता. दोघं बाहेर आले तेव्हा शेवटचं कडवं पुरं झालं होतं. खाली कुणाचं नाव टाकू, असं त्यानं विचारलं. कडव्यात आहे तेवढंच राहू द्या, संघप्रिया म्हणाली. परमेश्वरला आश्चर्य वाटलं. आधी रंगवलेल्या सगळ्या गाण्यांखाली तिनं त्याच्याकडून नावं लिहून घेतली होती, दोन तर खोडून पुन्हा. पण त्यानं वाद घातला नाही. ब्रश पुसता पुसता त्यानं सहज विचारलं,

"ताई, ही पोरगी तुमीच म्हनं?"

पंडितकाका फोटो बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

"एकटी नव्हते," संघप्रिया म्हणाली. "आम्ही दोघी जायचो शाळेला. मी आणि काकांची अर्पिता."

"आसं व्हय," परमेश्वर म्हणाला. "मंग त्या कुठं असतेत आता?"

"शिकली," संघप्रिया म्हणाली. "परभणीला मास्तरीण आहे."