डावा कान

कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला ती एकाच विषयात नापास झाली, आणि तो विषय म्हणजे माणसाचं डोकं. माती झकास मळायची, आतला सांगाडा ताठ उभा करायची, नाक नाकाच्या जागी, डोळे डोळ्यांच्या. सर भोवती एक फेरी मारायचे आणि म्हणायचे, "डोकं उत्तम आहे. फक्त कुणाचं आहे ते कळत नाही." बाकीच्यांची डोकी याहून वाईट होती, पण त्यांना बोलता येत होतं. एक जण तर कान लावायलाच विसरला होता. त्यानं परीक्षकांना बेधडक सांगितलं, हा माणूस कुणाचंच ऐकत नाही. त्याला पासष्ट गुण पडले.

यंदा तिची दुसरी आणि शेवटची संधी होती. पुन्हा नापास झाली तर मूर्तिकला विभागातून नाव कमी होणार होतं. आणि बारा वर्षांची असल्यापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं, हीच सगळी पंचाईत होती.

समोर बसवायला तिनं बाबांना निवडलं, कारण बाबा फुकट होते आणि त्यांचं सलून दुपारी रिकामं असायचं. एकतीस वर्षं लोकांची डोकी भादरणारा माणूस पहिल्यांदाच स्वतःच्या खुर्चीत बसला, आणि बसल्या बसल्या शिकवायलाही लागला. "खुर्चीत गिऱ्हाईक झोपलं ना, की समजायचं आपला हात बसला," ते म्हणाले. "ज्याला हाताचा भरवसा वाटत नाही, तो वस्तऱ्याखाली टक्क जागा असतो." ती मापाच्या चिमट्यानं भुवईपासून हनुवटीपर्यंतचं अंतर घेत होती. तीन आठवडे तिनं बाबांचं माप घेतलं, आणि तीन आठवडे बाबा टक्क जागे होते.

डोकं जवळजवळ पुरं झालं, आणि नेमकी तेव्हाच वर्गाची चार दिवसांची सहल निघाली. दूरच्या संग्रहालयातले पुतळे बघायचे, हजेरी सक्तीची. ओली माती वाळली तर तडे जातात, म्हणून तिनं बाबांना बजावलं, "दिवसातून तीनदा पाणी मारायचं, ओलं फडकं गुंडाळायचं, वर प्लास्टिक. आणि हात लावायचा नाही."

"पाणी मारायला मला शिकवतेस?" बाबांनी गिऱ्हाइकांच्या केसांवर मारायची फवाऱ्याची बाटली उचलून दाखवली.

आता न्हाव्याच्या पुढ्यात डोकं ठेवून हात लावू नको म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगायची.

सहलीहून ती थेट सलूनमध्ये आली, प्लास्टिक काढलं, फडकं सोडलं आणि जागच्या जागी थिजली. समोर बाबा होते. बाबांसारखं काहीतरी नव्हे, बाबाच. मान किंचित पुढं झुकलेली, मागं कवटीला एक उथळ खळगा, आणि डावा कान उजव्याहून बोटभर खाली, पाकळी जराशी मुडपलेली.

"काय केलंत हे?"

"काही नाही गं. पाणी मारत होतो, तर ते मागचं टेंगूळ हाताला लागलं. म्हटलं, मला कुठं टेंगूळ आहे? मग जरा सारखं केलं. मान तू कडक केली होतीस, ती सोडवली. आणि कान. जगात कुणाचेही दोन कान एका रेषेत नसतात, कल्ले कापताना रोज बघतो मी. दुसराही करणार होतो, पण शनिवारची गर्दी झाली."

ती रडली, भांडली, फवाऱ्याची बाटली आपटली. बाबा ओशाळून टॉवेलाच्या घड्या घालत राहिले. शेवटी हळूच म्हणाले, "तू नुसती बघत बसलीस बाळा. डोकं बघून कळतं होय? ते हाताला कळतं."

दुसऱ्या दिवशी डोकं जमा करायचं होतं. पुन्हा करायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर ते बिघडवून पुन्हा आपण केलं होतं तसं करायला तिचा हात धजेना. मूग गिळून तिनं ते तसंच नेलं.

परीक्षेला सर होते आणि बाहेरून आलेल्या एक बाई परीक्षक होत्या. सरांनी फेरी मारली. दुसरी मारली. "आता कळतंय कुणाचं आहे," ते म्हणाले. त्या शब्दांसाठी ती दोन वर्षं तळमळत होती. बाई तर डाव्या कानापाशी खिळूनच राहिल्या. "कसं साधलंस?"

वर्गातल्या पोरांचं ऐकून ऐकून तिलाही थोडं बोलता यायला लागलं होतं. अवकाशाचा ताण, ती म्हणाली. पृष्ठभागाचं मौन, ती म्हणाली. दोघंही माना डोलवत होते. जितकं तिचं तिलाच कळेना, तितकं त्यांना जास्त पटत होतं.

"मात्र उजवा कान त्या मानानं कच्चा राहिलाय," बाई म्हणाल्या. "तोही तसाच करून दाखव. पंधरा मिनिटं देते."

तिनं मातीचा गोळा उचलला, कानाशी नेला, परत आणला. पाच मिनिटं गेली. पुतळा मान झुकवून वाट बघत होता, गिऱ्हाइकाच्या मागं उभे असलेले बाबा बघतात तसा.

"नाही येत मला," ती म्हणाली. "डावा बाबांनी केलाय."

"बाबा मूर्तिकार आहेत?"

"न्हावी आहेत. आणि हे डोकं त्यांचंच आहे."

सरांनी नियमांची पुस्तिका काढली. दुसऱ्याकडून काम करून घेतलं तर काय, ते तिच्यात होतं. मित्राकडून, भावाकडून, पैसे देऊन कारागिराकडून, सगळ्यांची सोय होती. समोर बसलेल्या माणसानंच उठून स्वतःचं डोकं दुरुस्त केलं तर काय, याचा विचार नियम करणाऱ्यांना सुचला नव्हता. बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. शेवटी त्यांनीच निवाडा दिला, "उद्या सकाळी नवीन माती, तीन तास, आमच्यासमोर. वडिलांना घेऊन ये. त्यांचे हात त्यांच्या मांडीवर."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, स्टुलावर ताठ बसले आणि श्वास कोंडून धरला. तिनं मातीचा पहिला थर चढवला, चिमटा उचलला आणि परत ठेवला.

"बाबा, जरा हात लावू?"

"लाव की. परवानगी कसली मागतेस?"

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही हात बाबांच्या डोक्यावर ठेवले. तेव्हा तिला कळलं, की या डोक्याला आपण उभ्या आयुष्यात हात लावलेला नाही. दिवसभर दुसऱ्यांची डोकी हातात घेणाऱ्या या माणसाचं डोकं हातात घ्यायला कुणी नव्हतंच. केस तर ते स्वतःचे स्वतःच कापायचे, आरशात बघून. मागचा खळगा बोटांना लागला. कानामागं एक जुना व्रण लागला, तो तिला ठाऊकच नव्हता. तिनं डोळे उघडले आणि हात मातीवर नेले. मग पुन्हा डोक्यावर, पुन्हा मातीवर.

निकाल पुढच्या आठवड्यात लागला. बेचाळीस, म्हणजे काठावर पास. सर म्हणाले, पहिलं डोकं याहून सरस होतं. ते खरंच होतं, आणि बाबांनी ते महिनाभर गिऱ्हाइकांना ऐकवलं.

पण त्या सकाळी, तिसरा तास सुरू होता होता, खोलीत एक बारीक घरघर ऐकू यायला लागली. सरांनी कागदातून मान वर केली.

"अहो, मॉडेल झोपलंय! उठवा त्यांना."

बाबांची मान तिच्या डाव्या तळहातात कलली होती आणि तोंड किंचित उघडं होतं.

"नको सर," ती हलक्या आवाजात म्हणाली आणि उजव्या हातानं कान लावायला घेतला. "झोपू द्या त्यांना."