नवलनं 'हो' दाबलं

मी बोलतोय, आणि चिडून बोलतोय. गोड ऐकायचं असेल त्यानं दुसरीकडे जावं.

मी तळहातावर मावणारा संगणक. झाकण उघडलं की आत काच आणि हरभऱ्याएवढी बटणं. पहिला मालक जळगावचा एक साहेब. चार वर्षं मला खिशात मिरवलं. मग माझ्या कंपनीनं हात वर केले, यात आता नवं काही चालणार नाही म्हणाली. साहेबानं मला भंगारात टाकलं. मी बिघडलो होतो का? धडधाकट होतो!

दोंडाईच्याला स्टेशनरोडवर अन्वरभाईचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मला भंगारातून उचललं, पुसलं आणि डाव्या फटीत एक मेमरी कार्ड खुपसलं. त्यावर लिनक्स होतं. ते कोण्या एका कंपनीचं नाही. जगभरच्या लोकांनी लिहिलेलं. कोणीही घ्यावं, उघडून बघावं, आपल्या सोयीनं बदलावं. मी परत जागा झालो. तेव्हापासून माझा जीव डाव्या फटीत.

उजव्या फटीतल्या कार्डात झुंबरबाईची गाणी. ही दुकानामागच्या गल्लीतली म्हातारी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर बसल्या की गाणी हिनंच सांगायची, बाकीच्यांनी मागून ओढायची. तिची नात दिपमाला मला अन्वरकडून मागून न्यायची आणि आजीपुढे ठेवायची. दोन उन्हाळ्यांत चाळीस गाणी भरली. म्हातारी मला दटावायची, "ऐकी ऱ्हायना ना रे डबड्या?"

ऐकत होतो, बाई.

मग पौषात तिला अर्धांगवायू झाला. वाचा गेली. आता गाणी फक्त त्या कार्डात.

यंदा आखाजीला दिपमाला चोपड्याहून, सासरहून आली. मला आजीच्या खाटेजवळ ठेवून झोका बांधायला गेली. तेवढ्यात तिचा बाप नवल आला. नवा मोबाइल घेतलेला, हात शिवशिवत होते.

"या डबडानं कोणाले ऐकू येई? मन्हा मोबाइलवर लावस, बठ्ठी गल्ली ऐकी!"

आणि उपटलं कार्ड. कोणाला विचारणं नाही, काही नाही. अन्वरनं ते माझ्या पद्धतीनं आखलेलं, मोबाइलला ते वाचता येत नाही. पण 'मला येत नाही' असं कबूल करेल तो मोबाइल कसला! म्हणाला, कार्ड खराब आहे, फॉर्मॅट करू, म्हणजे पुसून नव्यानं आखू?

नवलनं 'हो' दाबलं.

खाटेवरून म्हातारी बघत होती. मीही बघत होतो. दोघं मुके.

वर त्या रिकाम्या कार्डात या गड्यानं झोक्याचा व्हिडिओ काढला. फेटा सावरत!

"नाना, इथलं कार्ड कुठंय?" दिपमालानं येऊन बापाला विचारलं.

"खराब व्हतं ते. मी नीट करी दिधं."

ती रडली नाही. मोबाइलातून कार्ड काढलं, मुठीत धरलं, मला काखेत मारलं आणि अनवाणी अन्वरच्या दुकानाकडे निघाली.

"यात काही भरलं का?" अन्वरनं पहिलं हेच विचारलं.

"झोक्याचा व्हिडिओ, चाचा."

"या अल्ला! नुसती वरची यादी पुसली असती तर आतला माल सगळा निघाला असता, बेटा. पण व्हिडिओ जिथं बसला तिथलं गेलं." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारला. "कार्डावर चिठ्ठी चिकटवायला पाहिजे होती मी."

पाहिजे होतीच! दुसऱ्यांच्या रेडिओंवर चिठ्ठ्या लावतोस, माझ्यावर नाही?

मग मीच ते कार्ड कण न् कण चाळलं. असलं चाळायचं सॉफ्टवेअरही त्याच लिनक्सवाल्या लोकांनी फुकट देऊन ठेवलेलं. पाच तास तापलो. छत्तीस गाणी निघाली, एकावरही नाव नाही. तीन गेली. एक अर्धं.

ते अर्धं खाटेजवळ लावलं. झुंबरबाईचा आवाज चढत गेला आणि मधेच तुटला. खाटेवर मात्र तिचे ओठ पुढं हलतच राहिले. आवाज नाही, नुसते ओठ.

नवल खाली बसला. "माय, पुढे काय व्हतं?"

आता विचारतोस? जन्मभर तुझ्या घरात गात होती, तेव्हा कान कुठं होते?

माझी बॅटरी तासभरही टिकत नाही. मला पुन्हा भंगारात घाला, मी हू की चू करणार नाही. पण आधी गाणी आणखी दोन कार्डांवर उतरवा. आणि कळत नसेल तिथं 'हो' दाबू नका.

दिपमाला वही घेऊन आजीच्या ओठांकडे बघत बसलीय. चार शब्द सापडलेत. नवल, ठेव तो मोबाइल खाली. तूही बघ.